एका घरात दोन कौतिका

माझं नाव कौतिका. हे आधीच सांगून टाकते, कारण या प्रकरणात जे भांडण आहे ते याच नावाचं आहे, आणि माझ्या नातीला वाटतं तसं ते गमतीचं भांडण नव्हतं. नात म्हणते, आजी, किती वेगळं नाव आहे तुझं. तिला आता वेगळं वाटतं. मी लहान होते तेव्हा या नावाला पोरी हसत. कौतिका म्हणजे खेड्यातलं, जात्यावर बसणाऱ्या बाईचं नाव. वर्गात आशा होत्या, पुष्पा होती, विजया होती, आणि त्यांच्यात मी. त्या हसण्याचं मला काही वाटत नसे असं लिहिलं तर खोटं होईल. वाटायचं. पण नाव टाकून द्यावं असं कधी वाटलं नाही. नाक नकटं आहे म्हणून कोणी नाक टाकून देत नाही.

आम्ही नागपुरात एका कॉलेजच्या बागेमागच्या खोल्यांत राहत होतो. बाबा त्या बागेचे माळी. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे विहीर. सकाळी मला जाग यायची ती बाबांच्या खराट्याच्या आवाजानं. वाळलेल्या पानांवर खराटा फिरला की आवाज वेगळा, नुसत्या मातीवर फिरला की वेगळा; डोळे न उघडताच मला कळायचं की बाबा चिंचेखाली आहेत की हौदाजवळ. मग पोपटांचा कल्ला, मग विहिरीची कप्पी, मग सायकलींच्या घंट्या वाजवत येणारी कॉलेजची पोरं. आमच्या घरातलं खाणं निम्मं त्या बागेतूनच यायचं. पावसाळ्यात तरोटा माजायचा. कॉलेजच्या लेखी तो तण, बाबांनी उपटून फेकायचा. माय तो फेकू द्यायची नाही, कोवळा पाला खुडून लसणाच्या फोडणीत टाकायची. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी, बाकी वर्षभर ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. पाहुणे आले की पाटवडीचा रस्सा. मायचा रस्सा असा असायचा की जेवणारा नाक पुसत पुसत जेवायचा आणि वर आणखी मागायचा. आता माझी सून डॉक्टरच्या सांगण्यावरून बिनतिखटाचा रस्सा करते. मी जेवते, पण त्याला रस्सा म्हणत नाही.

बागेतल्या झाडांना पत्र्याच्या पाट्या ठोकलेल्या होत्या आणि पाट्यांवर इंग्रजी अक्षरांत नावं. बाबांना मराठीच वाचता येत नव्हतं, इंग्रजी कुठलं. एका दसऱ्याला त्यांनी कुदळ, विळा, झारी यांची पूजा मांडली आणि त्यांच्या मनात आलं की पाट्याही आपल्याच कामाच्या, त्याही पूजेत पाहिजेत. त्यांनी सगळ्या पाट्या काढल्या, चिंचेनं घासल्या, हळदकुंकू लावलं, आणि दुसऱ्या दिवशी अंदाजानं परत ठोकल्या. पोरांची एक अख्खी तुकडी कडुनिंबाला बेहडा म्हणून वहीत उतरवून घेऊन गेली. त्यावरून वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या सोनटक्के बाई आमच्या पडवीत आल्या. उंच, आवाज घोगरा, कडक खळीची पांढरी साडी. बाबा हात जोडून उभे. बाई म्हणाल्या, "महादेव, पुढच्या वर्षी पूजा कर, पण पाट्या झाडावरच असू देत." एवढंच. जाताना त्यांनी मायच्या आणि माझ्या हातातली गोधडी पाहिली, माझ्या बाजूचे टाके बोटांनी चाचपले आणि विचारलं, "ही शाळेत जात नाही का?"

मी जात नव्हते. चौथी झाली आणि शाळा संपली. मायचं म्हणणं, पोरीला चिठ्ठी वाचता येते, दुकानाची पाटी वाचता येते, आता आणखी वाचायला काय उरलं. मी रडले नाही, पण आठवडाभर मायशीही बोलले नाही. म्हणून बाईंनी विचारल्यावर मीच पटकन सांगितलं, "जात नाही. तुमच्याकडं काम हाय का?"

काम होतं. बाई आणि त्यांची पोरं रामटेकच्या, पवनीच्या जंगलात जाऊन झाडांच्या फांद्या आणत, फुलाफळासकट. त्या वर्तमानपत्रांत दाबून, वर लाकडी जाळी ठेवून पट्ट्यांनी आवळायच्या. रोज ओले कागद काढून कोरडे घालायचे, नाहीतर बुरशी धरते. वाळल्या की जाड कागदावर चिकटवायच्या, आणि जिथे देठ जाड असेल तिथे दोऱ्यानं टाका घालायचा. तो टाका माझा. मग कोपऱ्यात चिठ्ठी लागायची, झाडाच्या नावाची, आणि तो कागद लोखंडी कपाटात जायचा. त्या खोलीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. तो माझ्या लुगड्याला, केसांना लागायचा, आणि माय म्हणायची, "झुरळं मारून आली काय वं?" मला झाडांची इंग्रजी नावं पाठ होती असं कोणी समजू नका. नव्हती. मी टाके घालत होते आणि ऐकत होते, बस.

एकदा बाईंनी पळसाचे सगळे कागद बाहेर काढले आणि चिठ्ठ्या बदलायला सांगितलं. जुन्या चिठ्ठीवर 'फ्रॉन्डोसा' असं काहीतरी होतं, त्यावर 'मोनोस्पर्मा' असलेली नवी चिकटवायची. मला राग आला. चिकटवलेल्याच्या वर परत चिकटवायचं, हे कसलं काम.

"कायले बदलून राहिल्या बाई? झाड तर तेच हाय."

"झाड तेच आहे. नाव चुकीचं लावत होतो. या नावाच्या आधी कोणीतरी त्याला हे दुसरं नाव देऊन ठेवलं होतं. छापून, झाडाचं वर्णन करून. आधीचं नाव राहतं."

"मंग आधी कोनाले ठाऊक नव्हतं?"

"लोक विसरले होते."

"विसरलेलं बी चालते?"

"चालतं. जगभर हाच नियम. आधीचं ते आधीचं."

त्या दिवशी बाई बोलायच्या मनःस्थितीत होत्या. त्यांनी सांगितलं की झाडाच्या नावाचे दोन भाग असतात. पहिला त्याच्या घराण्याचा, दुसरा त्याचा स्वतःचा. पळसाला ज्यानं पहिल्यांदा नाव दिलं, त्यानं त्याला पांगाऱ्याच्या घराण्यात घातलं होतं. पुढे इतरांनी नीट पाहिलं तेव्हा कळलं की हा पांगारा नव्हे. मग पळसाला दुसऱ्या घराण्यात नेलं. घराण्याचं नाव बदललं, पण त्याचं स्वतःचं नाव त्याच्यासोबत गेलं. आणि ज्यानं ते पहिल्यांदा ठेवलं त्याचं नावही मागे कंसात राहिलं. मी म्हटलं, "लग्न झाल्यावानी." बाई हसल्या. म्हणाल्या, "तसंच. सासर बदललं, नाव तेच."

मी हातातला टाका तसाच ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिले. कारण आमच्याकडे असं नव्हतं. माझी आत्ये द्वारका होती, लग्न झालं आणि सरस्वती झाली. बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं, आणि उरलेलं तिचं स्वतःचंही गेलं. तिन्ही गेल्यावर माणूस कशानं ओळखायचं? पळसाला जेवढं मिळतं तेवढं माझ्या आत्येला मिळालं नव्हतं. मी विचारलं, नाव शोभत नसलं तर? बाई म्हणाल्या, तरी राहतं. मिरचीच्या एका प्रकाराच्या नावात चीन आहे, ती मिरची चीनची नाहीच, पार अमेरिकेकडची. चूक आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण एकदा ठेवलं ते ठेवलं, शोभत नाही म्हणून बदलता येत नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं. शाळेतल्या त्या आशा-पुष्पांना जाऊन सांगावंसं वाटलं.

मग मला स्थळ आलं. मौद्याचे लोक. मुलगा श्रावण, त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान, घरी थोडी शेती. मुलगा खाली मान घालून रस्सा जेवला आणि नाक पुसून आणखी मागितला, तेव्हाच मायनं ठरवून टाकलं. मलाही तो वाईट वाटला नाही. सगळं जुळत आलं आणि निघता निघता त्याच्या बापानं, म्हणजे पुढे माझ्या मामाजींनी, सहज सांगावं तसं सांगितलं, "नाव तेवढं बदलावं लागन. आमच्या घरच्या बाईचं नाव कौतिकाच हाय. सुलोचना ठेवू."

बाबा म्हणाले, "ठेवा ना गा. त्यात काय."

सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची. माझे डोळे बारीक आहेत, तेव्हाही होते. पण ते कारण नव्हतं. मी आतल्या खोलीत भांडी आवरत होते आणि माझ्या नावाची वासलात पडवीत चपला घालता घालता लागली होती. मला वाटलं, आपल्याजवळ नियम आहे. तो जगभर चालतो, बाई म्हणाल्या होत्या. तो घेऊन आपण उभं राहू.

दुसऱ्या दिवशी बाई भिंगातून कसलंसं बारीक फूल पाहत होत्या.

"बाई, आधीचं नाव राहते ना?"

"राहतं."

"घर बदललं तरी?"

"घर बदललं तरी. का गं?"

"माह्यं बदलून राहिले. सुलोचना ठेवून राहिले. सासूचं नाव बी कौतिका हाय म्हनून."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "असं आहे होय," त्या म्हणाल्या. "मग नियम तुझ्या बाजूनं नाही, कौतिका."

आणि त्यांनी मला नियमाचा उरलेला भाग सांगितला. एका घराण्यात एकाच नावाची दोन झाडं चालत नाहीत. एखादं झाड दुसऱ्या घराण्यात न्यावं आणि तिथे त्या नावाचं झाड आधीच असावं, तर तिथलं राहतं. नव्यानं आलेल्याला दुसरं नाव घ्यावं लागतं. माझे कान तापले. मला वाटलं, हे सगळं शास्त्र मौद्याच्या लोकांनी बसून लिहिलं आहे.

"हे तुमी तवा काहून नाही सांगतलं?"

"तू तेव्हा विचारलं नाहीस."

"मंग हा नियम खोटा हाय."

"खोटा नाही. सोयीचा आहे. नाहीतर कोणत्या झाडाबद्दल बोलतोय ते कळणार कसं?"

"झाडाले तोंड नाही बाई. त्याले कोनी विचारत नाही, अन् त्यानं सांगतलं तरी आयकू येत नाही. म्हनून तुमी बसून ठरवता. मले तोंड हाय. कोनती कौतिका म्हनून विचारलं तर मी सांगीन ना, मी हावो म्हनून."

"तोंड आहे खरं," बाई म्हणाल्या आणि परत भिंग उचललं. मला वाटलं होतं त्या काही तोड काढतील, बाबांशी बोलतील. तसं काही झालं नाही, आणि त्याचा राग मी धरला नाही. त्यांच्याकडे झाडांचं उत्तर होतं, ते त्यांनी खरं तेच दिलं. माणसांचं उत्तर मलाच द्यायचं होतं. हल्ली पाहते, नात रस्त्यातल्या झाडासमोर मोबाईल धरते आणि मोबाईल नाव सांगतो. सीताबर्डीला मेट्रोतून उतरताना तिनं एकदा माझ्यासमोरही धरला, गमतीनं. मी म्हटलं, मला विचार की सरळ.

घरी मी मायला सांगितलं की नाव बदलू देणार नाही. माय भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "त्याहीनं परत धाडलं तर इथं तुले कोन सांभाळन? तुया बापाची खोली बी कॉलेजची हाय." हे खरंच होतं. ती मला घाबरवत नव्हती, आहे ते सांगत होती. मी म्हटलं, परत आले तर टाके घालीन. माय म्हणाली, "जलमभर?" बाबांनी तर ऐकलंच नसल्यासारखं केलं.

लग्न बागेतच झालं. वरात मौद्याला गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात पाहुणे भरलेले असताना, ओसरीवर पाट मांडले आणि तांदळाचं ताट आलं. आमच्याकडे ही रीत आहे: नवरा बोटातल्या अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो, मग ते सगळ्यांना सांगतात आणि साखर वाटतात. श्रावणनं अंगठी काढून हातात धरली. मी ताटावर माझा पंजा पसरून ठेवला, हिरव्या बांगड्यांसकट.

"हात काढ ना वं वहिनी," नणंद म्हणाली. तिला वाटलं मला रीत माहीत नाही.

"माह्यं नाव कौतिका हाय. लिहायचं तर तेच लिहा. नाहीतर नका लिहू."

आधी कोणाला कळलंच नाही. मग नणंद बोलली, "पाहा वं माय! कॉलेजात झाडू मारता मारता लयच शिकली ही." मी म्हटलं, "झाडू बाबा मारते. मी टाके घालत होती." बायका पदरात हसल्या. श्रावण माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "लिहू दे ना आता. मी तुले कौतिकाच म्हनीन." मी म्हटलं, "म्हनता तर लिहिता कायले दुसरं?" त्यानं अंगठीकडे पाहिलं, जणू तिनंच काही सांगावं.

मामाजी बाजेवर बसून तंबाखू मळत होते. आवाज न चढवता म्हणाले, "हात काढत नसन तर आजच गाडी जुंपा. बापाकडं पोचवून द्या."

मला मायचा तो प्रश्न आठवला, इथं तुले कोन सांभाळन, आणि मी भ्यायले. हे मी लपवत नाही. पण हात मी काढला नाही. काढला असता तर मग तो कधीच ठेवता आला नसता.

तेवढ्यात सासू आतून आली, हात पिठाचे. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं. "काय तमाशा लावला वं?" ती म्हणाली. "माह्यं नाई बदललं का नाव? मी मेली का त्यानं?"

मी सासूलाच विचारून बसले, "काय होतं तुमचं नाव, आत्याबाई?"

"आता कायले पायजे ते?"

"सांगा ना."

श्रावण मान वर करून आईकडे पाहू लागला. नणंद म्हणाली, "माय, तुयं दुसरं नाव होतं?" म्हणजे पोटच्या पोरांना माहीत नव्हतं की आई जन्मापासून कौतिका नाही. सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं. याच ओसरीवर, अशाच ताटात, त्यांनीच स्वतः लिहिलं होतं. मामाजींचा तंबाखूचा अंगठा थांबला. "होतं ना," ते म्हणाले. "र वरून होतं काहीतरी." मग थोडं थांबून, "राधा का काय."

सासूनं नवऱ्याकडे असं पाहिलं की मीच नजर खाली घातली.

"रेवता," ती म्हणाली.

मी तरुण होते आणि जिंकायची घाई होती. मी लगेच म्हटलं, "मंग आधीचं नाव रेवता. आधीचं ते आधीचं! म्हनजे कौतिका या घरात मी एकलीच."

सासू माझ्यावरच उखडली. "गप बस! मी का आता रेवता होऊ? या वयात? कोन ओळखीन मले? माहेरात हाक मारनारं कोनी उरलं नाही, अन् तू मले परत रेवता करतं? मी कौतिका हावो. मले नाई पायजे ते जुनं."

"मंग मले नाई पायजे ते नवं."

"एका घरात दोन कौतिका?" नणंद म्हणाली. "हाक मारली तं येईन कोन?"

"दोघी येऊ," सासू म्हणाली. "काम लवकर होईन." आणि पोराकडे वळून, "तू कायले बसला रे तसाच? घाल ते आंगठी बोटात." मामाजी काहीतरी बोलायला गेले. ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी तं बोलूच नका."

श्रावणनं अंगठी बोटात घातली. मी ताटावरचा हात काढला. तळव्याला दाणे चिकटले होते. बायका कुजबुजत उठल्या, साखर कोणी वाटली नाही. सासू माझ्या बाजूची झाली असं कोणी समजू नका. पुढे तिनं मला मिठावरून, भाकरीवरून, झोपून उठण्यावरून जे जे ऐकवायचं ते सगळं ऐकवलं, आणि मीही उलट ऐकवलं. त्या सकाळी ती उंबऱ्यात उभी होती, हाताचं पीठ वाळून तडकलेलं, आणि आत जाता जाता थांबून तिनं हाक मारली. स्वतःचंच नाव दुसरीला घेऊन हाक मारायची, तर तिची जीभ जरा अडखळली.

"कौतिका, ते तांदूळ उचल. धुवून भात मांड. मानसं उपाशी हायत."

मी उठले आणि ताट घेऊन आत गेले. नाव राहिलं. पाहुण्यांचा सगळा भातही मलाच रांधावा लागला.